अंकुशच्या जागी वाजणारा ड्रम

माह्या मोठ्या पोराची एक वागणूक मले बिलकुल पसंत नाई. तो आजकाल कोणत्याच गोष्टीले नाई म्हणत नाई.

कोणी म्हणन, बाई, हे तर बरंच झालं की. पण ज्यानं अंकुशले आधी पाह्यलं आहे तो असं म्हणणार नाई. हा पोट्टा जन्मल्यापासून नाई म्हणत आला. दूध नाई, टोपी नाई, शाळेत पुढचा बाक नाई. लग्नासाठी मी पोरी दाखवल्या तर एकीलेही हो नाई. मंग स्वतःच सरिताले शोधून आणलं, तेव्हा मी नाई म्हटलं, तर माह्या नाईलेही त्याचं नाई. बसमधे कंडक्टरसंग भांडे, विहारात माईक मोठा लावला म्हणून भांडे. ताटात मनासारखी भाजी नसली तर ताट सरकवून देये. मी शिव्या देत होती, तो उलटून बोलत होता, घर भरलेलं वाटे.

आता त्याले काईही विचारा. तो म्हणते, "चालते."

आमचं गाव राजुऱ्याच्या अंगाले, कोळशाच्या खाणीच्या कडेले. अंकुश वॉशरीत ठेकेदाराच्या हाताखाली होता, कोळसा धुतात तिथी. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला, कोपराच्या खालून. चंद्रपूरले नेला, तिथून नागपूरले. एवढंच सांगते. त्याच्यावर जास्त बोलाले माह्यापाशी काई नाई. मी तेव्हा रडली नाई, मंगही रडली नाई. भरलेला ट्रक बाजूनं गेला की अंगावर धूळ बसते, तसं काईतरी बसलं, अन् ते झटकावं असंही वाटलं नाई. भाकरी थापायची वेळ झाली की थापत होती. कोणी भेटाले आलं की चहा ठेवत होती. लोकं म्हणत, मनकर्णाबाईचं काळीज दगडाचं आहे. म्हणू द्या.

अंकुश घरी आला त्या दिवसापासून हे चालते सुरू झालं. मी पहिल्यांदा दोडक्याची भाजी केली. दोडका म्हटला की हा पोरगा आधी घर सोडून जाये. त्यानं डाव्या हातानं हळूहळू सगळी खाल्ली.

"कशी झाली?" मी विचारलं.

"चालते."

दुसऱ्या दिवशी वरणात मीठ मुद्दाम जास्त टाकलं. माह्या सुनेनं, सरितानं, एक घास घेतला अन् उठून पाणी प्याली. अंकुशचा लहाना भाऊ आयुष म्हणाला, "माय, समुद्र आणला काय घरात?" अंकुशनं वाटी रिकामी केली.

"अजून देऊ?"

"चालते."

तेव्हा मले भेव नाई वाटलं. भेव मंग वाटलं, किंवा वाटाले पायजे होतं. मी दुकानातून तेल घेऊन येत होती. अंकुश रस्त्याच्या मधात उभा होता. कोळशाचा ट्रक त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबलेला. ड्रायव्हर खिडकीतून हिंदीत आई-बहिणीवर आला होता, "मरना है क्या?" मी पोचेपर्यंत अंकुशनं त्याले शांतपणे काईतरी उत्तर दिलं अन् बाजूले झाला.

"काय म्हणाला तू त्याले?"

"काई नाई. चालते म्हटलं."

मी त्याचा डावा हात धरून घरी आणला. तेलाची पिशवी मी तिथीच ठेवून आली, ते घरी आल्यावर समजलं. त्या दिवसापासून मले एकच गोष्ट पायजे होती. या पोराच्या तोंडून एक नाई. मंग ते कशालेही असो. ज्याले काईच नकोसं वाटत नाई, तो ट्रक आला तरी बाजूले कायले सरकन?

सरिता अंगणवाडीत जाते, शिकलेली आहे. ती म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टर म्हणते वेळ द्या."

"डॉक्टरच्या दारातून ट्रक जात नाईत," मी म्हटलं.

आता ड्रमचं सांगते. माह्ये दोन्ही पोरं गाणे करतात. लग्नातले नाई, रॉक. रॉक म्हणजे काय ते मले पहिले समजलं नाई. भजनात माणूस हात जोडून सांगते, यात हात झटकून सांगते, एवढं माह्या ध्यानात आलं. आयुष गिटार वाजवते अन् गाते, अंकुश ड्रम वाजवत होता. गाणे आपल्याच बोलीतले. धुळीचे, ट्रकचे, खाणीत गेलेल्या वावराचे. मागच्या खोलीत भिंतीले अंड्याचे ट्रे चिपकवले, दाराले गोधडी लावली, अन् तिथी रेकॉर्डिंग. खाणीचा भोंगा वाजला की थांबायचं, कारण भोंग्यामागून सुरुंग उडते अन् घर हालते. छोट्या ड्रमच्या खाली तारा असतात, त्या सुरुंगानं आपल्याआप थरथर वाजतात. अंकुश तेव्हा त्याच्यावर तळहात ठेवून बसे, लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा. सुरुंग झाला की मंग पुढचं गाणं.

आता ड्रमवर माह्यं जुनं लुगडं झाकलेलं आहे. सुरुंग झाला की लुगड्याखालून आवाज येते. आम्ही सगळे आपापलं काम करत राह्यतो. हात ठेवाले कोणी जात नाई.

गावातल्या बँजो पार्टीचे पोट्टे एकदा आले. म्हणाले, "दादा, मिरवणुकीले तुमचा सेट देता का?" अंकुश म्हणाला, चालते. मीच त्यांले पळवलं. म्हटलं, घरात माणूस बसला आहे अजून, मेला नाई. पोट्टे चपला हातात घेऊन गेले. अंकुशनं माह्याकडे पाह्यलंही नाई.

यांचे दोन गाणे पूर्ण झाले होते, तिसरं अर्धं होतं. नागपूरचे काई लोकं नव्या पोरांचे गाणे इंटरनेटवर टाकतात, त्यांले पहिले दोन आवडले, त्यांनी तिसरं मागितलं. आवाज अन् गिटार भरून ठेवलेली, ड्रम नव्हता. आयुषनं राजुऱ्यातला एक वाजवणारा आणून पाह्यला. त्यानं गाण्यात वरात काढली. मंग आयुष म्हणाला, आता कॉम्प्युटरचाच ड्रम लावावा लागन.

त्यानं अंकुशले विचारलं तेव्हा मी तिथीच तांदूळ निवडत होती.

"दादा, एक सॉफ्टवेअर असते. त्यात ड्रम असतात. आपण माऊसनं ठोके भरायचे. लावू का?"

माह्ये हात सुपातच थांबले. दोडका खाल्ला, खारट वरण प्याला, ठीक. पण ड्रम? या पोराच्या ड्रमले दुसऱ्यानं बोट लावलं तर हा दोन दिवस घुम्यासारखा बसे. मले वाटलं, इथी तो नाई म्हणन. इथीच आहे ते.

"चालते," अंकुश म्हणाला.

"तूच निवडून दे मंग. कोणतं घ्यायचं ते."

"कोणतंही घे."

मी सूप खाली ठेवलं. "कोणतंही नाई. सगळे ऐकू. मलेही ऐकव. घरात नवीन माणूस येऊन राह्यला, पाहून घेऊ कसा आहे ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी, सुरुंग होऊन गेल्यावर, आम्ही मागच्या खोलीत बसलो. लॅपटॉप स्टुलावर, अंकुश खाटेवर भिंतीले टेकून, मी उंबऱ्यात, सरिता चहा घेऊन. आयुषनं समजावून सांगितलं की महागाचे आपल्या कामाचे नाईत. एक तर महाग, वरून एवढे मोठे की आपला लॅपटॉप उचलणार नाई, अन् उतरवून घ्याले इंटरनेट आठवडाभर लागन. काई फुकट आहेत. काई स्वस्त आहेत. काई थोडे दिवस वापरू देतात, मंग पैसे मागतात.

पहिला फुकटवाला लावला. धाड धाड, अन् वर एक झांज. झांजेचा आवाज बरा होता, पण ढोलाचा आवाज असा की उन्हात गोधडी झोडपून राह्यले.

"हा गोधडीवाला," मी म्हटलं. "अंकुश?"

"चालते."

दुसरा लावला. त्यात सगळंच चकचकीत, टण टण. "हा भांडेवाला. स्टीलच्या दुकानात उंदीर घुसला."

आयुष हसला. सरिताही हसली, तिनं तोंडाले पदर लावला. आमच्या घरात खूप दिवसांनी कोणी हसलं. अंकुश म्हणाला, "चालते."

तिसरा सुरू झाला अन् मधातच बंद पडला. आयुष म्हणाला, ट्रायल आहे माय, मधात मधात आवाज बंद करतात, म्हणजे आपण विकत घेऊ.

"म्हणजे ताट वाढून हात धरतात. बंद कर."

चौथा लावाले त्याले वेळ लागला. लॅपटॉप अटकला, तो चालू बंद केला. मंग वाजला. हा बरा होता. जास्त चमक नाई, जास्त गोधडी नाई. एकच सेट होता त्यात, एका खोलीत वाजवल्यासारखा. आयुष म्हणाला, हा स्वस्त आहे अन् लहान आहे, लॅपटॉप झेलते याले.

मी विचारलं, "पण हे वाजवते कोण? आत मशीन आहे का?"

"नाई माय. खरा माणूस आहे. त्याले एका मोठ्या खोलीत बसवून एकेक ठोका मारून घेतला. हळू मारलेला, जोरानं मारलेला, सगळे वेगवेगळे. ते ठोके याच्यात भरून ठेवले. आता आपण सांगू तिथी तो ठोका लागते."

"म्हणजे कोणाचा तरी हात कापून डब्यात ठेवला," मी म्हटलं.

सरितानं कप खाली ठेवला. आयुष लॅपटॉपकडे पाहू लागला, पण पाहत काई नव्हता. मी बोलली ते बोलली. बोललेलं मी वापस घेत नसते. मी अंकुशकडे पाहत राह्यली. आता तरी, माह्या मनात होतं, आता तरी हा पेटन.

"चालते," अंकुश म्हणाला.

चहा थंड झाला होता. मी कप उचलून मोरीत नेले. मले वाईट वाटाले पायजे होतं, पण हात कप धुत राह्यले.

मंग मी ठरवलं की चांगल्यानं होत नाई तर वाईटानं करू. आयुषले म्हटलं, भांडेवाला लाव.

"माय, वेडी झाली काय? नागपूरवाले हासतील."

"नागपूरवाल्यांले नाई ऐकवायचं. अंकुशले ऐकवायचं आहे. लाव म्हटलं ना."

आयुष माह्यापुढं जास्त बोलत नाई. त्यानं गाण्यावर तो टणटणाट चढवला अन् बाहेरच्या खोलीत मोठ्यानं लावला. गाणं धुळीचं, अन् मागं लग्नाचे गंज-भांडे पडून राह्यले. शेजारच्या आशाबाई पीठ मागाले आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"जयभीम बाई. काय पडलं? मांडणी कोसळली काय?"

"गाणं आहे," मी म्हटलं.

"असं का? मले वाटलं मांजर." त्या आत आल्या. अंकुशले पाहून आवाज हळू केला, जसा सगळेच करतात. "छान आहे हो भाऊ गाणं. चांगलं मोठं आहे."

अंकुश म्हणाला, "चालते."

आशाबाई पीठ घेऊन गेल्या. मी आयुषले म्हटलं, बंद कर ते. त्या दिवशी मी भाकरी केल्या त्या करपल्या, अन् कोणी काई बोललं नाई. अंकुश तर नाईच. मी पाठ टेकून पडली. त्याच्या तोंडून नाई हा शब्द निघणार नाई, असं समजून चुकली. राग नाई आला, रडू नाई आलं. छताले भेग आहे सुरुंगाची, तिच्याकडे पाहत राह्यली.

आयुषनं शेवटी स्वतःच तो चौथा, स्वस्तवाला घेतला. कोणाले विचारलं नाई. अन् रोज दुपारी बसून ठोके भरू लागला. मी एकदा पाह्यलं. स्क्रीनवर आडव्या रेघा, अन् त्यात लहान लहान तुकडे, एकाखाली एक. आपण बांधीत रोवणा करतो तसंच दिसे, धानाचं एकेक रोप धरून चिखलात लावायचं. फक्त इथी पाय भिजत नव्हते. आयुष एक रोप लावे, ऐके, उपटे, सरकवून परत लावे. बिचारा मेहनती आहे. ड्रम वाजवता येत नाई त्याले, पण कान आहे.

गाणं तयार झालं त्या दिवशी त्यानं आम्हा सगळ्यांले बोलावलं. सरिता नुकतीच अंगणवाडीतून आली होती, तिनं पिशवीही खाली ठेवली नव्हती. अंकुश खाटेवर, नेहमीसारखा. त्याची शर्टाची बाही सरितानं दुमडून पिन लावली होती.

आयुष म्हणाला, "दादा, नागपूरवाले गाण्याखाली नावं टाकतात. गिटार अन् आवाज माह्या नावानं. ड्रमले तुह्यं नाव टाकून राह्यलो. ड्रम, अंकुश. पहिल्या दोन गाण्यांवर आहे ना तुह्यं, मंग यालेही तेच राहू दे."

अंकुशनं मान हालवली. मले वाटलं पोरगा चांगलं करून राह्यला.

गाणं सुरू झालं. सुरवातीले पायाचा ढोल, हळूहळू. मंग छोटा ड्रम. खरंच बरं वाटत होतं. कोणी ऐकलं तर म्हणन अंकुशच आहे. सरिता पिशवी छातीशी धरून उभी. गाण्यात एक जागा येते, आयुष ओरडते, अन् सगळं एकदम जोरानं होते. तिथी ड्रमही जोरात आला. ढोल, छोटा ड्रम, मोठी झांज, अन् बाजूची लहानी झांज आपली सुरूच.

अंकुशनं भिंतीवरून पाठ काढली.

"थांबव," तो म्हणाला.

आयुषनं थांबवलं नाई. त्याले ऐकू नाई आलं, किंवा त्याले सवय राह्यली नव्हती.

"अबे थांबव म्हटलं ना!"

आयुषनं गाणं थांबवलं.

"मागं घे. तू ओरडतो तिथी. लाव." आयुषनं परत लावलं. "अजून एकदा." परत लावलं. अंकुशचा डावा हात मांडीवर आपटत होता, अन् उजवा खांदाही हालत होता. खाली काई नव्हतं, पण खांदा आपल्या जागी मारत होता.

"हे कोण वाजवून राह्यला?"

"कॉम्प्युटर, दादा."

"किती हात आहेत त्याले?"

आयुष स्क्रीनकडे वाकला.

"डावा इथी, छोट्या ड्रमवर. बरोबर? उजवा मोठ्या झांजेवर गेला. बरोबर? मंग लहानी झांज कोण वाजवून राह्यला? कोणाचा हात आहे तो? तिसरा हात कुठून आणला तू?"

"दादा, भरल्यासारखं वाटते ना. म्हणून राहू दिलं."

"तिसरा हात!"

"कोणाले समजते दादा? नागपूरवाल्यांलेही नाई समजणार."

"मले समजते."

"पण चालते ना?" आयुष म्हणाला. सवयीनं म्हणाला तो, त्याचं चुकलं नाई. आम्ही सगळे तेच बोलत होतो या घरात.

"नाई," अंकुश म्हणाला. "नाई चालत. माह्या नावावर तीन हाताचा माणूस नाई चालत. मी वाजवलं नाई ते, मंग माह्यं नाव कायले? पहिलं ते नाव काढ. काढ म्हणतो ना. अन् सरक तिथून."

तो उठला. स्टुलापुढं बसला अन् डाव्या हातानं माऊस धरला. त्याले जमेना. बाण स्क्रीनवर इकडे तिकडे पळे. आयुषनं मदतीले हात पुढं केला तर म्हणाला, "हात काढ तुहा." एकेक रोप पकडून त्यानं तिसऱ्या हाताचे ठोके उपटले. कधी दुसरंच उपटलं जाये, मंग शिव्या. किती दिवसांनी मी त्याच्या शिव्या ऐकत होती. मले आनंद व्हायले पायजे होता. मी उंबऱ्यात बसली अन् ऐकत राह्यली, पायाले मुंग्या आल्या तरी उठली नाई.

"अन् ही झांज खोटी आहे," तो म्हणाला. "पत्र्यावर खडा मारल्यासारखी. तो पहिला होता ना, फुकटवाला, ज्याले माय गोधडी म्हणाली. त्याची झांज घे. ढोल याचाच ठेव, तो बरा आहे. दोन्ही एकात लागतात का?"

"लागतात," आयुष म्हणाला.

"मंग लाव. तेव्हाच समजलं होतं मले."

सरिता तेव्हा बोलली. पिशवी अजून तिच्या छातीशीच होती. "तेव्हाच समजलं होतं तर तेव्हा काऊन नाई बोलले तुम्ही?"

अंकुशनं मान वळवली नाई. स्क्रीनकडेच पाहत बोलला.

"बोललो होतो मी पहिले. नागपूरले. दवाखान्यात. जेवण नाई म्हटलं तर तू रडली. भेटाले येणारे नाई पायजे म्हटलं तर आयुष बाहेर गेला अन् डोळे लाल करून आला. मायले म्हटलं, मले घरी नाई यायचं, तर ती भिंतीकडे पाहत बसली, अन् दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच. चालते म्हटलं तेव्हा तुम्ही तिघंही जेवले. मी पाह्यलं तुमच्याकडे. डबा उघडला अन् सगळा खाल्ला. मंग मी तेच म्हणत राह्यलो."

"अन् दोडका?" मी विचारलं.

"दोडका घाणच आहे."

"अन् मीठ?"

"माय, माह्यी जीभ गेली नाई. हात गेला."

"अन् ट्रक?"

आता त्यानं मागं पाह्यलं. माह्याकडे.

"ट्रकच्या वेळी मी कोणासाठी काई म्हणत नव्हतो," तो म्हणाला. "तेव्हा मले खरंच काई वाटत नव्हतं. उभा होतो नुसता."

सरिता डोळ्याले पदर लावून खाली बसली. आयुषनं तोंड फिरवलं, अन् मले समजलं, आता हे दोघं परत रडणं सुरू करतात, अन् हा पोरगा त्यांचे चेहरे पाहून परत तोंड बंद करन. मी भिंत धरून उठली. पायात मुंग्या होत्या, तरी त्याच्यापाशी गेली, अन् स्टुलावरचा लॅपटॉप बाजूले सरकवून त्याच्या समोर उभी राह्यली.

"आयुष, चूप. सरिता, पदर खाली कर. अंकुश, इकडं पाह्य. माह्या डोळ्यात पाणी आहे का? नाई. आलं तरी ते माह्यं आहे, त्याचं मी पाहीन. तू वाईट वागला. ट्रकपुढं उभा राह्यला, ते वेगळं. त्याच्यासाठी उद्यापासून रस्त्यानं माह्यासंग चालायचं, जोवर मी पुरे म्हणत नाई तोवर. पण तू आमच्यावर दया केली. आम्ही जेवावं म्हणून लेकरासारखं आम्हाले फसवलं. मनकर्णावर दया करणारा या गावात कोणी जन्मला नाई, अन् तू तर माह्याच पोटातून निघाला. तुह्यं चुकलं. परत असं केलं तर मी तुले या घरात ठेवणार नाई, दोन हात असते तरी ठेवला नसता."